हौदात उतरायचं कोणी

"हौद भरला म्हणून लेखी कळवलं तू कमेटीले," खुशालराव म्हणाले. "मंग वाट कायची पाहून राहिला? वस्तीतले चार गडी लाव अन् काढ गाळ."

धर्मपाल टेबलासमोर उभा होता. खोलीत तीन खुर्च्या रिकाम्या होत्या, पण अध्यक्ष खुशालरावांनी त्याला बस म्हटलं नव्हतं आणि तोही विचारल्याशिवाय बसला नव्हता.

"वस्तीतले गडी येणार नाहीत, साहेब. अन् मी त्यांना बोलावणारही नाही."

"काहून? आता काय उच्चकुळी झाले का ते?"

"कमेटीनं दवंडी द्यावी. ज्याला काम पायजे तो येईल. कोण्याही जातीचा."

खुशालरावांनी पानाचा डबा बंद केला. "पाह्य धर्मपाल. सरकारनं तुले इन्स्पेक्टर करून पाठवलं, आमी ठेवून घेतलं. कमेटीच्या दफ्तरात तू आमच्या बरोबरीनं येतं-जातं, आमी काही म्हटलं नाई. पण गावाचा गू गावानं काढावा, हे मले शिकवू नको. दवंडी देतो. कोणी नाई आलं तर तुह्या लोकायले आण. नाई तर तू उतर."

बोरगव्हाण हे पूर्णेच्या काठचं कापसाच्या बाजाराचं गाव. दोन जिनिंग, तहसील कचेरी, पोलीस ठाणं आणि नगरपालिका. तिला सारे कमेटी म्हणत. गावातल्या सगळ्या नाल्या उतारानं एका मोठ्या नाल्यात यायच्या आणि तो नाला नदीत पडायचा. नाला पडतो तिथून हाकेच्या अंतरावर, खालच्या अंगाला, बौद्धांची वस्ती होती. दीक्षा घेऊन पाच वर्षं झाली तरी गाव वस्तीला जुन्याच नावानं हाक मारायचं. गावातल्या विहिरींवर वस्तीच्या बायकांना कोणी चढू देत नव्हतं, म्हणून त्या नदीच्या रेतीत झिरा उकरून कटोऱ्यानं पाणी भरत. सत्तावन सालच्या श्रावणात त्याच झिऱ्याच्या पाण्यानं वस्तीत पटकी आली. अकरा माणसं गेली. त्यांत भागीरथा होती, धर्मपालची सासू.

त्यानंतर सरकारनं योजना दिली. नाल्याच्या तोंडाशी एक खोल सिमेंटचा हौद बांधायचा. त्यात घाण पाणी थांबेल, गाळ तळाशी बसेल, वरचं निवळलेलं पाणी गिट्टी आणि रेतीच्या थरांतून झिरपून नदीत जाईल. एकोणसाठ साली हौद बांधून झाला. धर्मपाल तेव्हा नागपूरला सॅनिटरी इन्स्पेक्टरचा कोर्स करत होता. साठ साली तो परीक्षा पास झाला आणि त्याची नेमणूक झाली ती नेमकी स्वतःच्या गावी. त्याला वाटलं होतं, याहून चांगलं काय असणार.

दीड-दोन वर्षं हौदानं काम बरं केलं, गाळ काढायची वेळच आली नाही. आता एकसष्टचा कार्तिक लागला होता. गाळ अर्ध्यावर आला होता, आणि पाणी न निवळता तसंच काळंशार पुढे जात होतं.

त्या दिवशी घरी आला तेव्हा त्याचा सासरा पुंजाजी ओसरीवर बसला होता. पुंजाजी विहिरी खोदायचा. छातीनं पिंपासारखा, बोटं पहारीसारखी. छप्पन्न साली नागपूरहून परत आल्यावर त्यानंच वस्तीला जमवून सांगितलं होतं की आजपासून गावाचं मेलेलं ढोर कोणी ओढायचं नाही. त्याबद्दल गावानं दोन हंगाम वस्तीला कापूस वेचायला बोलावलं नव्हतं. पुंजाजी तेव्हा मूर्तिजापूरकडे जाऊन विहिरी खोदून आला, पण बोललेलं फिरवलं नाही.

"काय म्हणे तुहा अध्यक्ष?" त्यानं विचारलं.

धर्मपालनं सांगितलं.

"आमी ढोरं ओढणं सोडलं," पुंजाजी म्हणाला, "अन् तू आता आमाले हौदात उतरवणार."

"मामाजी, मी नाई म्हणून आलो."

"आज नाई म्हटलं. उद्या वरून कागद येईन, तवा काय करशीन? तू त्यायच्या भाकरीवर हायेस." तो उठला. "माह्या पोरीले मी इन्स्पेक्टरच्या घरी देल्ली. गटाराच्या रखवालदाराच्या घरी नाई."

"मामाजी, हौद नसता तर पुन्हा पटकी आली असती. भागीरथामायचं..."

"तिचं नाव घेऊ नको अठी," पुंजाजी म्हणाला आणि निघून गेला.

धर्मपालची बायको ललिता चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. वडलांची बाजू घ्यावी की नवऱ्याची, हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

दवंडी झाली. तीन दिवस बाजारात डफ वाजला: हौदाचा गाळ काढायला माणसं पाहिजेत, रोज दीडपट मिळेल. एकही माणूस आला नाही. चौथ्या दिवशी सकाळी धर्मपाल हौदावर गेला तर पाण्यावर एक मेलेलं वासरू तरंगत होतं. पोट फुगलेलं, गळ्यात दोरी. दोरीचं दुसरं टोक मुद्दाम काठावरच्या खुंटीला बांधलेलं होतं, ओढायला सोपं जावं म्हणून.

त्यानं मान वर केली. पलीकडच्या वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, तीन-चार माणसं विड्या ओढत बसली होती. त्यांच्यात नत्थुजी होता. नत्थुजी खुशालरावांचा साळा. हौदाला लागून खालच्या अंगाला त्याचं वावर होतं आणि त्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, फुटली होती.

"इन्स्पेक्टर," नत्थुजी ओरडला, "वासरू भारी नाई. एकटा माणूस ओढीन!"

बाकीचे हसले. धर्मपाल परत फिरला, कचेरीत गेला आणि त्यानं कागदावर लिहिलं की हौदात कोणीतरी मेलेलं जनावर टाकलं आहे, ठाण्यात तक्रार द्यावी. हेडक्लार्कनं कागद वाचला, खुशालरावांकडे नेला आणि तसाच परत आणला. खुशालरावांनी त्यावर एवढंच लिहिलं होतं: "काढून टाकावे."

कोणी काढलं नाही. दोन दिवसांत वासरू फुटलं आणि पुढच्या जाळीत अडकलं. पाणी गिट्टीच्या थरात जायचं थांबलं, हौदाच्या काठावरून सांडलं आणि बाजूच्या नालीनं सरळ नदीत उतरलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ललितानं पाण्यानं भरलेली गुंडी आणून नवऱ्यासमोर ठेवली.

"हे पाणी पी," ती म्हणाली.

त्याला ते प्यायची गरज नव्हती. वास ओसरीत आला होता.

"झिऱ्याचं हाय," ती म्हणाली. "आज सकाळचं. पारबतामाय, सुभद्रा, साऱ्याजणी माह्याकडं पाहून राहिल्या तठी. कोणी बोललं नाई. नुसत्या पाहून राहिल्या. बाबा म्हणते हौदाचं काम करायचं नाई. तू म्हणतं लोकायले बोलावणार नाई. मंग करणार कोण ते सांग. माय अशीच गेली न माही. श्रावणात झाडा लागला अन् रातच्याले गेली."

धर्मपाल उठला. त्यानं पायांत चपला सरकवल्या आणि तो पुन्हा हौदावर गेला. त्यानं ठरवलं होतं की आता स्वतःच उतरायचं. कोणी पाहिलं तर पाहो.

पण धोतराचा काचा मारून त्यानं खोली पाहायला काठावरून बांबू आत घातला, तेव्हा हौदाच्या तळाचा आकार त्याच्या लक्षात आला. गाळ अर्ध्यावर होता तरी बांबू भिंतीला घासत उतारानं आत सरकत होता. तळ सपाट नव्हता. चारी भिंती आत उतरत एका टोकाला जात होत्या, नरसाळ्यासारख्या. नागपूरच्या मास्तरांनी फळ्यावर काढलेला हौद त्याला आठवला. त्याचा तळ असाच होता, आणि नरसाळ्याच्या टोकातून एक नळ बाहेर जायचा. बाहेर एक चाक. चाक फिरवलं की वरच्या पाण्याच्या दाबानंच गाळ नळातून बाहेर पडतो आणि खालच्या रेतीच्या वाफ्यांत जाऊन वाळतो. हौदात माणूस उतरावाच लागत नाही.

या हौदाला नळ का नव्हता?

तो उठला, वळसा घालून हौदाच्या मागे गेला आणि खाली नत्थुजीच्या वावरात उतरला. पऱ्हाटी कमरेइतकी होती. हौदाची बाहेरची भिंत जमिनीतून वर आली होती. त्यानं पायानं माती सरकवली, मग हातानं उकरली. वीतभर खोल गेल्यावर विटा लागल्या. भिंत सिमेंटची होती आणि तिच्यात एक चौकोन विटांनी बुजवलेला होता. विटांच्या फटीतून त्याला बिडाच्या नळाचं काळं तोंड दिसलं. वर जमिनीला लागून चाकाचा दांडा कापलेला होता.

"कोण हाय रे माह्या वावरात?"

नत्थुजी काठी घेऊन पऱ्हाटीतून येत होता.

"हौदाचा नळ पाहून राहिलो," धर्मपाल म्हणाला. "हा बुजवला कोणी?"

"हे वावर माह्यं हाय. पहिले बाहेर हो."

"नत्थुजी, अशा हौदाच्या खाली एक पट्टी सोडावी लागते. रेतीच्या वाफ्यांसाठी. ती तुमच्या वावरात येते न?"

नत्थुजीनं काठीचं टोक धर्मपालच्या छातीवर टेकवलं आणि ढकललं. धर्मपाल मागे पऱ्हाटीत पडला. बोंडांच्या टोकदार नख्यांनी त्याचे हात ओरबाडले गेले.

"माह्या पऱ्हाटीले तुह्यं अंग लागलं," नत्थुजी म्हणाला. "आता हे बोंड वेचायले कोणी बाई तयार होईन का? सांग. भरून देतं का तू?"

दुसऱ्या दिवशी धर्मपाल एसटीनं अकोल्याला गेला. ज्या कचेरीनं हौदाचा नकाशा केला होता तिथे त्यानं तो नकाशा पाहायची विनंती केली. तिथल्या नकाशा काढणाऱ्या माणसानं गुंडाळ्यांतून मोठा निळा कागद काढून टेबलावर पसरला. सगळं त्यात होतं: नरसाळ्याचा तळ, बिडाचा नळ, चाक, आणि खालच्या बाजूला चार वाफे. अर्धा एकर. मोजणीही झालेली होती. ताबा मात्र कमेटीनं कधी घेतलाच नव्हता. ठेकेदारानं नळाचं तोंड विटांनी बुजवलं आणि हौद पूर्ण झाला म्हणून कागद झाला.

धर्मपालनं नकाशाची नक्कल काढून घेतली, परत आला आणि ती खुशालरावांच्या टेबलावर ठेवली.

"मले नकाशा समजत नाई," खुशालराव म्हणाले.

"समजावून सांगतो. ही पट्टी ताब्यात घेतली, विटा काढल्या, चाक बसवलं, की एका माणसानं उभ्या उभ्या चाक फिरवलं तरी गाळ बाहेर येईल. आत कोणाला उतरायची गरजच नाही. वस्तीतल्याही नाही, गावातल्याही नाही."

"अन् नत्थुजीचं वावर?"

"सरकारनं मोजून ठेवलेलं आहे."

खुशालराव हसले नाहीत, ओरडलेही नाहीत. "हौद बांधतानी हे मले माहीत होतं," ते म्हणाले. "ओव्हरशियरनं असंच सांगतलं होतं. मी म्हटलं, चार माणसं महिन्यातून दोनदा उतरतीन, त्याच्यासाठी चांगल्या काळ्या जमिनीचा अर्धा एकर काहून घालू? माणसं हाय न तुमी. सोन्यासारखं वावर अन् तुमी, यात निवडायचंच कुठी?"

धर्मपालनं नकाशा गुंडाळला. गुंडाळी काखेत घट्ट धरून तो बाहेर पडला.

कमेटीच्या छापील नियमांत एक कलम होतं. हौदात गाळ ठरावीक पातळीच्या वर गेल्यास इन्स्पेक्टरनं पाणी आत घ्यायचं दार बंद करून सफाई करून घ्यावी. हौदाला आणखी एक दार होतं, बाजूच्या नालीचं. पहिलं बंद केलं की ते उघडायचं, म्हणजे सफाई होईपर्यंत पाणी नदीत जाईल. नदीत म्हणजे झिऱ्यात. नियमात ते दुसरं दार उघडावं असं लिहिलेलं नव्हतं. सगळीकडे उघडतात, एवढंच.

बुधवारी सकाळी धर्मपालनं कचेरीच्या फळ्यावर नोटीस लावली, सहीनिशी. मग हौदावर जाऊन दोन्ही लोखंडी दारं खाली सोडली, दारांच्या दोन्ही चाकांना साखळी घातली, कुलूप लावलं आणि काठावर छत्री उघडून बसला.

जाताना तो पुंजाजीच्या घरावरून गेला होता. "मामाजी, वस्तीतले चार जण तठी येऊन उभे राह्यले तर बरं होईन," तो म्हणाला होता.

"तुहा हौद, तुह्यं गाव," पुंजाजी विळ्याला धार लावत म्हणाला. वरही पाहिलं नाही.

पहिल्या दिवशी नाला तुंबला आणि पाणी जनावरांच्या बाजाराच्या आवारात चढलं. दुसऱ्या दिवशी खालच्या बाजारपेठेतल्या नाल्या भरून रस्त्यावर आल्या. किराण्याच्या दुकानांसमोर काळं पाणी उभं राहिलं, दुकानदारांनी पोती फळ्यांवर चढवली. पोलीस ठाण्याच्या अंगणात पाणी शिरलं. खुशालरावांनी चपराशाबरोबर लेखी हुकूम पाठवला की दार ताबडतोब उघडावं. धर्मपालनं त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं: गाळ काढण्याची व्यवस्था झाल्यावर उघडण्यात येईल. व्यवस्था म्हणजे नकाशातली पट्टी आणि नळ.

तिसरा दिवस शुक्रवार, आठवडी बाजाराचा. दुपारच्या वेळी गावातून चाळीस-पन्नास माणसं आली. खुशालराव त्यांत नव्हते. पुढे नत्थुजी होता. त्याच्या हातात फावड्याचा दांडा होता, मागे काहींच्या हातांत बैलगाडीच्या उभाऱ्या, जाड लाकडी दांडे.

"चाव्या दे," नत्थुजी म्हणाला.

"चाव्या कमेटीच्या हायेत. कमेटीचा ठराव आणा."

"सारं गाव आलं अठी. ठराव काय पायजे तुले आणखी?"

"मी दार उघडलं तर पाणी वस्तीच्या झिऱ्यात जाते, नत्थुजी. माणसं मरतात. पट्टी द्या. आत्ता म्हणा की देतो. आत्ता उघडतो मी."

"चार वर्षाआधी तुमची अकरा मेली तवा गावानं रडायचं होतं का?" मागून कोणीतरी म्हणालं.

धर्मपाल उठून उभा राहिला. त्याला त्या माणसाचा चेहरा पाहायचा होता. पण तो दिसला नाही, आणि त्याआधीच नत्थुजीचा दांडा त्याच्या डाव्या हातावर बसला. हाडाचा आवाज त्यालाही ऐकू आला. दुसरा फटका पाठीवर बसला, तिसऱ्यानं तो काठावरून खाली घसरला आणि हौदाच्या बाहेरच्या उतारावर मातीत पडला. कोणीतरी त्याचे खिसे उलटे केले. चाव्या खिशात नव्हत्या. त्या त्यानं सकाळीच ललिताकडे दिल्या होत्या.

"साखळी तोडा!" नत्थुजी ओरडला. दोघं जण उभारी घेऊन नालीच्या दाराच्या चाकाकडे गेले.

तेवढ्यात नदीच्या अंगानं वस्तीची माणसं आली. ललितानं गोळा केली होती, घरोघर जाऊन. वीस-पंचवीस पुरुष, तेवढ्याच बाया, आणि सगळ्यांच्या पुढे पुंजाजी, खांद्यावर विहिरीची पहार.

ललिता नवऱ्याकडे धावली. पुंजाजी धावला नाही. त्यानं जावयाकडे एकदा पाहिलं, तो जिवंत आहे एवढं बघितलं, आणि तो सरळ वर चढला. उभारीवाले दोघं बाजूला झाले. पुंजाजीनं पहार चाकाच्या आऱ्यांतून आरपार घातली आणि तिला टेकून उभा राहिला.

"जवायाले मारलं, ते ठाण्यात पाहू," तो म्हणाला. "या दाराले कोणी हात लावला तर मी ठाण्यात जाणार नाई."

"पुंज्या, बाजूले हो!"

"हा नाला असाच नदीत सोडला होता तवा माही बायको मेली. मी तवा कोणाले मारलं नाई. मले माहीतच नव्हतं न की त्याले दार लावता येते म्हणून. आता माहीत झालं."

बाया नाल्याच्या काठानं ओळीत उभ्या राहिल्या. काहींच्या हातांत विळे होते, बहुतेकींच्या हातांत काहीच नव्हतं. दोन्ही बाजू एकमेकींना शिव्या देत होत्या. जुन्या, पिढ्यानुपिढ्या ठेवणीतल्या शिव्या. एक दगड आला आणि सुभद्राच्या कपाळाला लागला. मग इकडून चार दगड गेले. ठाणेदार शिपाई घेऊन आला नसता तर त्या दिवशी मुडदे पडले असते. ठाणेदाराचे बूटही घोट्यापर्यंत काळे होते. त्यानं दोन्ही बाजूंना सारख्याच शिव्या दिल्या आणि दोन्हींकडच्या लोकांना हाकलून लावलं. फक्त पुंजाजी हलला नाही. पहार चाकातच राहू दिली तर मी ठाण्यात येतो, असं तो म्हणाला. ठाणेदारानं पहारीजवळ एक शिपाई बसवला.

कमेटीनं तारा केल्या: इन्स्पेक्टरनं सारं गाव घाणीत बुडवलं, ताबडतोब कारवाई व्हावी. त्या तारांमुळेच अकोल्याहून आरोग्य खात्याचे साहेब शनिवारी जीपनं आले. उंच, सुकलेले, पुण्याकडचे. त्यांनी नाकाला रुमाल लावून बाजारपेठ पाहिली, हौद पाहिला, फुटलेलं वासरू पाहिलं, मग आपल्या पिशवीतून निळा नकाशा काढला आणि खुशालरावांना विचारलं, "वाफे कुठे आहेत?"

"ते पुढच्या टप्प्यात, साहेब."

"योजनेत टप्पे नाहीत. नळाचं तोंड कोणी बुजवलं?"

खुशालराव म्हणाले की ठेकेदारानं. ठेकेदार आता कुठे असतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबांनी तिथेच, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून हुकूम लिहिला: पट्टीचा ताबा आठ दिवसांत घ्यावा, नळ मोकळा करावा, तोपर्यंत पाणी इंजिन लावून उपसून लांब पडीत जमिनीत सोडावं, नदीत नाही. मग ते सरकारी दवाखान्यात गेले. धर्मपाल तिथे हाताला फळ्या बांधून पडला होता.

"तुम्ही सात हजार माणसांना वेठीला धरलंत," साहेब म्हणाले. "हे काम आहे का इन्स्पेक्टरचं?"

"वस्तीत चारशे माणसं आहेत, साहेब. त्यांना चार वर्षं धरलं होतं."

"मला भाषण नको. तुम्हाला मेमो मिळेल. लेखी उत्तर द्या."

ते गेले. ललिता खाटेच्या पायथ्याशी बसली होती. "यायनं एकदाबी नाई इचारलं, हात कसा हाय म्हणून," ती म्हणाली.

नवव्या दिवशी विटा फोडल्या. अकोल्याहून फिटर आला, त्यानं जाळीतलं वासरू काठावरूनच लांब आकडीनं ओढून काढलं आणि चाक बसवलं. नत्थुजीची पऱ्हाटी उपटून चार वाफे आखले, रेती टाकली. धर्मपाल गळ्यात हात अडकवून गेला. गाव धुऱ्यावर उभं राहून बघत होतं, वस्ती नदीच्या दरडीवर. मधे शिपाई. फिटरनं चाक फिरवलं. आधी काही झालं नाही, मग नळानं दोनदा उचकी दिल्यासारखं केलं आणि काळा गाळ बदाबदा वाफ्यात पडू लागला. अर्ध्या तासात हौद रिकामा झाला. आत कोणी उतरलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाव मुकाट्यानं परत गेलं.

त्यानंतरच्या गोष्टी लवकर झाल्या. मारहाणीची तक्रार झाली, पण गावातला एकही साक्षीदार पुढे आला नाही आणि वस्तीतले साक्षीदार पक्षपाती ठरले. पऱ्हाटीच्या हंगामात गावानं वस्तीतल्या एकाही बाईला वेचणीला बोलावलं नाही. बाया दोन कोस चालून दुसऱ्या गावच्या वावरांत जाऊ लागल्या. धर्मपालचा हात बसला, पण वाकडा. कोपरापासून खाली तो बाहेरच्या अंगाला वळून राहिला. कमेटीनं एकमतानं ठराव केला की हा इन्स्पेक्टर नको. त्याची बदली धामणगाव रेल्वेला झाली.

आणि हौदाच्या चाकावर माणूस पाहिजे होता. महिन्यातून दोनदा चाक फिरवायचं, वाळलेला गाळ गाडीत भरून घ्यायचा, पगार सरकारी, पेन्शन. यावेळी दवंडी द्यावी लागली नाही. गावातून चौदा अर्ज आले. नोकरी नत्थुजीच्या पुतण्याला मिळाली.

ललिता हे ऐकून पेटली. "हात तुहा मोडला अन् नोकरी त्याच्या पुतण्याले? तू काहून अर्ज नाई घातला आपल्या लोकायचा? माह्या बापाचा घालाचा होता!"

पुंजाजी तिथेच होता, गाठोडी बांधायला आलेला. त्यानं दोरीची गाठ दातांनी आवळली.

"मले नको ती नोकरी," तो म्हणाला. "त्यायचा त्यायनं काढावा. हेच तर पायजे होतं आपल्याले."

सासऱ्यानं त्या सबंध वर्षात धर्मपालच्या बाजूनं काढलेला तो पहिलाच शब्द होता. अन् तोही त्याच्याकडे न पाहता.

एसटीपर्यंत पुंजाजी आला. बाजारपेठेतून जाताना दुकानदार वर बघत नव्हते. खुशालराव कचेरीच्या पायरीवर उभे होते; त्यांनी मान वळवली. एका दुकानासमोर कोणीतरी थुंकलं, अगदी धर्मपालच्या पावलापाशी. तो थांबला. त्या माणसाकडे, तो नजर वर करून पाहीपर्यंत, पाहत राहिला आणि मग पुढे गेला.

पुढच्या श्रावणात पटकी आली, पण ती वरच्या गावांत. बोरगव्हाणच्या वस्तीत कोणी मेलं नाही. भाद्रपदात पुंजाजीचं कार्ड आलं. शाळेतल्या मास्तरांकडून लिहवून घेतलं होतं. झिऱ्याचं पाणी बरं आहे, तरी बाया उकळून घेतात, कोणाचाच भरवसा नाही. नत्थुजीचा पुतण्या दोनदा चाक फिरवायला आलाच नाही. तेव्हापासून पुंजाजी दर पंधरवड्याला ठरल्या दिवशी सकाळीच जाऊन हौदाच्या काठावर बसतो. पोरगा येतो, चाक फिरवतो, जातो. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

धर्मपालनं कार्ड वाचून ललिताला दाखवलं. तिनं विचारलं, "बाबा बसून काय करते तठी?"

"काही नाई," धर्मपाल म्हणाला. "पाहते."